भिंतीला सांगितलेलं

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, नई सडकेवर सौरव निकमचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. जेमतेम आठ फूट रुंद. बाहेर पत्र्याचे रिकामे सांगाडे, आत ओल्या वाळ्याचा आणि गंजाचा वास, आणि मधोमध स्टुलावर सौरव. वय तेहतीस, मान जाड, आवाज त्याहून जाड. त्याच्या हाताला गुण आहे असं अख्खं लश्कर सांगतं. डोकं ठिकाणावर नाही, हेही तेच लश्कर सांगतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. दाना ओली बाजारातला एक कापडवाला कूलर न्यायला आला. सौरवने त्याला हिरवी तार दाखवली आणि तीन तीनदा बजावलं, "ये अर्थिंग है. घर में तीन पिन वाला बोर्ड नहीं है तो पहले वो लगवाओ, फिर चलाओ." कापडवाला हसला. "अरे छोड़ो यार, काट दो तार. हमारे यहाँ सब ऐसे ही चलता है." सौरवने पक्कड खाली ठेवली, शांतपणे उठला आणि काडकन त्याच्या थोबाडीत दिली. चष्मा उडून नालीत पडला. तो उचलायला माणूस वाकला, तर पाठीत दुसरी बसली. शेजारचे चार दुकानदार मध्ये पडले म्हणून तिसरी बसली नाही. चौकीत माफीनामा लिहून द्यावा लागला.

"तुम्ही पागल झालात का? गिऱ्हाईकाला कोणी मारतं?" घरी आल्यावर अंतरा म्हणाली. अंतरा त्याची बायको, झाशीची.

"कमी मारला," सौरव म्हणाला आणि जेवायला बसला.

अंतराला हा माणूस लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळला होता. कुठल्याशा कारणावरून ती रुसली आणि बोलेनाशी झाली. सगळ्याच बायका रुसतात, नवरे दोन दिवस चुळबुळतात आणि मिटतं. इथे दुसऱ्या दिवशी दुपारी सौरवने भरलं ताट भिंतीवर फेकलं. वरण खाली ओघळायच्या आत त्याच भिंतीवर स्वतःचं कपाळ आपटायला लागला. एकदा, दोनदा, चारदा. भुवईवरून रक्त गळायला लागलं तरी थांबेना. "बोल! शिवी दे, मार मला, पण बोल!" ती किंचाळत धावली आणि त्याच्या डोक्याला मिठी मारून बसली. तेव्हापासून त्या घरात भांडणं रोज होतात आणि गल्लीभर ऐकू जातात, पण अबोला कोणी धरत नाही.

हे वेड का, ते अंतराला त्याने कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

निकमांचं घर शिवपुरीचं. कुठल्याशा खापरपणजोबांनी दख्खनेतून फौजेबरोबर येऊन तलवार गाजवली म्हणतात. तलवार गंजली, फौज गेली, तापटपणा मात्र पिढ्यानपिढ्या उतरत आला. लढायला शत्रू उरला नाही, तेव्हा निकमांनी घरातल्या घरात लढून हौस भागवली. सौरवचे वडील जयसिंहराव शाळेत पीटीचे मास्तर, धाकटे काका कान्होजी बँकेत बंदूकवाले गार्ड. एका दसऱ्याला कान्होजींची ड्यूटी लवकर होती. थोरल्याची आंघोळ आटपायची वाट न बघता त्यांनी स्वतःच तलवारीला कुंकू लावून पूजा उरकली. पूजेचा मान थोरल्याचा. ओल्या अंगाने बाहेर आलेल्या जयसिंहरावांनी ते कुंकू पाहिलं, तीच तलवार उचलली आणि धाकट्याच्या पाठीवर आडवी हाणली. कान्होजी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. दोघांचंही रक्त देवघरात सांडलं, आणि त्या दिवसापासून अकरा वर्षं भाऊ भावाशी एक शब्द बोलला नाही.

पण एका छपराखाली राहायचं म्हणजे सांगण्यासारखं रोज काही ना काही असतंच. मग ते भिंतीला सांगायचं. जयसिंहराव ओसरीच्या भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "दूध नासलंय म्हणावं." पलीकडे बसलेले कान्होजी उठून दूध ओतून द्यायचे. कान्होजी भिंतीला म्हणायचे, "उद्या नळ येणार नाही," आणि जयसिंहराव आजच हंडे भरून ठेवायचे. एकदा कान्होजींच्या बुटात विंचू शिरताना जयसिंहरावांनी पाहिला. भिंतीकडे वळून म्हणाले, "डाव्या बुटात विंचू आहे." कान्होजींनी बूट झटकला, विंचू ठेचला, बूट घातला आणि ड्यूटीवर गेले. आभारबिभार कुणी मानले नाहीत. राग राहिला आणि जीवही वाचला. सौरव हे बघत वाढला. अबोला असाच असतो, असंच त्याला वाटत होतं.

कॉलेजसाठी तो ग्वाल्हेरला आला. खासगी बाजार नावाच्या पेठेत विजयाबाईंच्या घरी वरची खोली मिळाली. विजयाबाई म्हाताऱ्या, मराठी, खाली एकट्या राहणाऱ्या. जिना चढून येणं त्यांना जमत नसे, म्हणून त्या खालूनच ओरडून घर चालवायच्या. खोलीतला दुसरा मुलगा दिग्विजयसिंह, भिंडकडच्या एका गावातला ठाकूर. उंच, काटकुळा, पायात कायम रबरी चपला, तोंडात कायम गाणं. तो सौरवला "ए मराठे" म्हणायचा, सौरव त्याला दिग्गू. पहिलं वर्ष दोघांनी एका कढईत जेवून, एकमेकांचे शर्ट घालून काढलं. दिग्गूची आई गावाहून तिळगुळाची गजक पाठवायची, डबा उघडला की अर्धा निकमचा. असा मित्र सौरवला पूर्वी मिळाला नव्हता आणि पुढेही मिळाला नाही.

बिघडलं ते दिग्गूच्या भोळेपणाने. दुसऱ्या वर्षी सौरवचे दोन पेपर राहिले. तो नळावर असताना शिवपुरीहून फोन आला, दिग्गूने उचलला आणि जयसिंहरावांना बिनधास्त सांगून टाकलं, "अंकल, चिंता मत करो, दो ही में बैक आई है." दुसऱ्या दिवशी जयसिंहराव बस पकडून हजर. पोराला अंगणात ओढून आणलं आणि विजयाबाईंच्या देखत, शेजारपाजाऱ्यांच्या देखत, चपलेने बडवलं. गालावर चपलेची नक्षी उमटली. वीस वर्षांच्या मुलाला यापेक्षा मेलेलं बरं वाटतं.

बाप बसस्टँडकडे गेला आणि सौरव जिना चढून वर आला. दिग्गू कणीक मळत होता. "यार, मुझे क्या पता था कि..." एवढंच तो बोलू शकला. सौरवने चुलीवरचा तवा उचलून त्याच्या खांद्यावर घातला. तवा तापलेला होता. कातडी चर्र झाली, तसा दिग्गू बैलासारखा उसळला, सौरवची गचांडी धरून त्याचं तोंड चौकटीवर आपटलं. समोरचा दात तुटून ओठातून बाहेर आला. पिठात, रक्तात लोळत दोघांनी एकमेकांना हात दुखेपर्यंत मारलं. खालून विजयाबाई ओरडत होत्या, "अरे मेल्यांनो, कोणी मरेल ना!"

इथवर दोघांचं सारखंच झालं. पुढे मात्र एक भिंडचा निघाला आणि एक निकमांचा.

भिंडकडे मारामारी झाली की झाली, दुसऱ्या दिवशी चहा. दिग्गू सकाळी खांद्याला हळद फासून गरम बेडई पुऱ्या आणि जिलबी घेऊन आला. पुडी सौरवसमोर ठेवून म्हणाला, "चल, खा ले. हो गया हिसाब."

सौरवने तोंड भिंतीकडे फिरवलं. "इथे कोणाला भूक नाही," तो भिंतीला म्हणाला.

"क्या बोला?"

"भिकारड्यांच्या हातचं निकम खात नाहीत."

दिग्गूला शब्द कळले नाहीत, सूर कळला. भिंतीशी बोलणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. "गाली दे रहा है? माँ की गाली दी तूने?" सौरव भिंतीकडे बघून हसला. मग दिग्गूने कमरेचा पट्टा काढला. बकल सौरवच्या कानामागे लागलं, मान रक्ताने भरली. सौरवने त्याच्या भाजलेल्या खांद्यातच बोटं रुतवली. जिलबीचा चिखल झाला. दमून बाजूला झाल्यावर दिग्गू धापा टाकत म्हणाला, "बात करनी है तो मुँह पे कर, हिंदी में कर. दीवाल से बकेगा तो बाकी दाँत भी तोड़ दूँगा."

झालं. आता भिंत सोडणं म्हणजे हरणं. सौरव मुद्दाम भिंतीशीच बोलायचा, मराठीतच, अगदी शांत आवाजात. आधी कामाचं बोलायचा, मग त्याला गोडी लागली. समोरच्याला कळत नाही म्हटल्यावर काय वाटेल ते बोलता येतं. दिग्गूच्या गावाला, आईला, बापाला तो वहीत शुद्धलेखन लिहावं तसा एक एक शिवी घालायचा. दिग्गूने दोनदा मारलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. सौरवचं तोंड भिंतीकडे वळलं की तो मोबाईलच्या तारा कानात खुपसायचा. चाळीस दिवस असे गेले.

मे महिना लागला. ग्वाल्हेरचा मे म्हणजे दहा वाजता रस्ते ओस आणि लूचा वारा असा की डोळे भाजतात. खोलीत एक जुना लोखंडी कूलर होता. बटण कधीच निकामी झालेलं, पिन बोर्डात खोचली की तो चालू व्हायचा. त्यात पाणी भरायची पाळी दोघांनी भांडणाच्या आधीच ठरवली होती, एक दिवस आड, आणि अबोल्यातही ती चुकत नव्हती. त्या मंगळवारी सकाळी सौरवची पाळी होती. पहिलीच बादली रिकामी करून त्याने ओला हात पत्र्यावर टेकवला, आणि कोणी कोपरावर हातोडा घातल्यासारखा तो मागे उडून खाटेवर पडला. हात तासभर बधिर होता. नीट पाहिलं तर पंपाची तार उंदराने कुरतडली होती, आतलं तांबं सरळ पत्र्याला लागत होतं. त्याने पिन काढून ठेवली.

दुपारी एकच्या सुमाराला दिग्गू पेपर देऊन आला. घामाने निथळत होता. दारातच चपला काढल्या, कूलर बंद बघितला, टाकी अर्धीच बघितली, शेजारची भरलेली बादली उचलली. सौरव खाटेवर बसला होता. जीभ उचलून चार शब्द बोलायचे होते, "कूलर में करंट है." मुकं राहून नुसती तार तोडून टाकली असती तरी चाललं असतं. खिडकीतून विजयाबाईंना मराठीत हाक मारली असती, तरी त्या म्हातारीने खालून ओरडून अख्ख्या गल्लीला हिंदीत सांगितलं असतं.

सौरवने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाला, "त्या पेटीत वीज उतरलीय. कोणी शिवू नये."

आता हे नीट ऐका. निकमांच्या घरात 'वीज' कोणी म्हणत नाही, आणि 'शिवू नये' तर नाहीच. लहानपणापासून सगळे म्हणतात, कूलरला करंट मारतोय, हात लावू नको. 'वीज' म्हणायच्या त्या फक्त कुसुमताई काकू, कान्होजींची बायको, साताऱ्याकडून आलेली, आणि घर त्यांना त्यावरून हसायचं. सौरवने दिग्गूच्या ओळखीचा एक एक शब्द वेचून बाजूला काढला होता. कूलर नाही, करंट नाही, हात नाही. त्याने सांगितलंही आणि कळूही दिलं नाही. बुटात विंचू आहे हे बापाने भावाला कळेल असंच सांगितलं होतं, हा फरक त्याला त्या क्षणी पक्का ठाऊक होता.

दिग्गूने कानात तारा घातल्या नव्हत्या. त्याने ऐकलं. बादली टाकीत ओतत हसून म्हणाला, "बक ले, बक ले. दीवाल ही सुनेगी तेरी."

पाणी फरशीवर सांडलं. तो त्यातच अनवाणी उभा राहिला. एका हाताने पिन बोर्डात खोचली आणि दुसरा हात नेहमीसारखा कूलरच्या पत्र्यावर ठेवला.

हात चिकटला. बोटं मुडपली, दातखिळी बसली, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. बादली लाथ लागून गडगडत गेली. सगळं अंग थडथडत होतं आणि घशातून एकच आवाज येत होता, बंद तोंडातून येतो तसा. डोळे मात्र सौरवकडे होते. सौरव बसून राहिला. खोटं कशाला सांगा, तो वाट बघत होता. दिग्गूने आधी बोलावं, हाक मारावी, ए मराठे म्हणावं, मग उठायचं. अबोल्यात आधी बोलतो तो हरतो. दहा आकडे मोजून व्हावेत एवढा वेळ गेला. जळक्या मांसाचा वास आला, तेव्हा तो भानावर आला. उडी मारून त्याने तार हिसडली. दिग्गू ओल्या फरशीवर आपटला, डोकं खाटेच्या पायावर फुटलं.

"दिग्गू! ए दिग्गू! बोल ना यार!" चाळीस दिवसांनी सौरव त्याच्याशी बोलला. छातीवर बुक्क्या मारल्या, थोबाडीत मारल्या, तोंडात श्वास फुंकला. रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पापणी उचलली आणि सोडून दिली.

संध्याकाळी भिंडहून आईबाप आले. शवागाराच्या व्हरांड्यात, सौरवला सकाळीच झटका बसला होता हे ऐकून, दिग्गूच्या आईने त्याचे दोन्ही दंड धरले. "लला, तैंने बाय बताई नईं हती?" त्याला सांगितलं नव्हतंस का, असं ती विचारत होती.

"बताया था, अम्मा," सौरव म्हणाला. "पेटी छूने को मना किया था."

शब्दशः खरं होतं. हवालदारानेही तेच लिहून घेतलं. दिग्गूचा बाप हे ऐकत उभा होता. तो आत गेला, पोराच्या तोंडावरची चादर काढली आणि मेलेल्या पोराच्या थोबाडीत फाडकन मारली. एक, दोन. "जिंदगी में काहू की सुनी है तैंने? काहू की?" दोघांनी धरून त्याला बाहेर काढलं. त्या दोन चापट्यांचा आवाज फरशीच्या भिंतींवर घुमला. आई सौरवच्या डोक्यावरून हात फिरवत होती. तू सांगितलंस बेटा, तुझा काय दोष, असं काहीतरी ती म्हणत होती.

सौरवने कॉलेज सोडलं आणि एका मिस्त्रीच्या हाताखाली कूलरचं काम धरलं. त्या माउलीने मात्र त्याला सोडलं नाही. तेरा वर्षं, दर हिवाळ्यात, भिंडहून गजकाचा डबा येतो. 'जिसने बताया था' त्या मुलासाठी. अंतरा आवडीने खाते. सौरव तुकडा तोंडात घालत नाही, आणि डबा आला त्या आठवड्यात कुणाशी तरी मारामारी करून येतो. गावात दिग्गूचं नाव अजून निघतं, म्हणे. पोरं हट्ट करायला लागली की आया सांगतात, दिग्विजय होशील, सांगितलेलं ऐक.

यंदाच्या मे महिन्यात म्हातारी स्वतः दुकानात आली. डोळा दाखवायला ग्वाल्हेरला आणलं होतं, भाचा तिला दुकानात सोडून औषधं आणायला गेला होता. सौरवने स्टूल दिलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं.

"लला, एक बात पूछनी हती," ती म्हणाली. "बाके बाप तौ आज लों बाको नाम नईं लेत. फोटू तक नईं टाँगन देत. पर मोय इत्ती बता दै. तैंने मना करी, तब बाने का कही हती? कछू तौ कही हुइए."

तेरा वर्षं ती एवढंच घोळवत होती. पोराला सांगितलं, तेव्हा पोराने उत्तर काय दिलं. सौरवच्या हातात पंपाची तार होती. अजून एक खोटं सहज खपलं असतं. हसला होता, म्हणाला होता कुछ नहीं होता. म्हातारी तेवढंच घेऊन गेली असती आणि हिवाळ्यात डबा आला असता.

"उसने कहा था, दीवाल ही सुनेगी तेरी," सौरव म्हणाला.

"दीवाल?"

"मैंने दीवाल से कहा था, अम्मा. उससे नहीं. हमारी बोलचाल बंद थी. और मराठी में कहा था." मग तो दुकानाच्या भिंतीकडे वळला आणि तेरा वर्षांनी तेच शब्द, त्याच आवाजात, पुन्हा बोलला. "त्या पेटीत वीज उतरलीय. कोणी शिवू नये."

म्हातारीने कान देऊन ऐकलं. "जे तौ मेरी समझ में नईं आई."

"उसकी भी नहीं आई थी. मैंने ऐसे ही बोला था कि न आए." सौरव खाली तिच्या पायांशी बसला. तोंड वर केलं, डोळे मिटले. तिच्या पायात जाड टाचांच्या चपला होत्या. तिने एक काढावी आणि मारत सुटावं, कान फाटेस्तोवर, एवढंच त्याला हवं होतं. शेजारचा दुकानदार दारात आला, तसा सौरव डोळे मिटूनच त्याच्यावर खेकसला, "कोई बीच में नहीं आएगा!"

चपलेचा आवाज आला नाही. त्याने डोळे उघडले. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ब्लाऊजमधून छोटा मोबाईल काढून, डोळ्याला जवळ धरून, एक बटण शोधत होती. स्पीकरवर पलीकडची घंटी वाजली, मग म्हाताऱ्याचा खोकला.

"सुनत हौ?" ती मोठ्याने म्हणाली. नई सडकेवरची वर्दळ तिच्या आवाजाने थबकली. "अपने दिग्विजय ने काहू की बात नईं टारी हती. बाय काहू ने बताई ई नईं हती. सुनत हौ? बताई ई नईं हती!"

मग फोनमधून आवाज आला. फाडकन. थोडं थांबून पुन्हा, फाडकन. तिकडे भिंडकडच्या घरात म्हातारा स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता. सौरवने तो आवाज लगेच ओळखला. शवागारातल्या त्या दोन चापट्या त्याने तेव्हा मोजल्या होत्या. हा आवाज मात्र दोनवर थांबला नाही. म्हातारी फोन कानाला न लावता तसाच समोर धरून स्टुलावर बसली होती, आणि सौरव तिच्या पायांशी बसून मोजत होता.